चिमणीच्या दातांचा लाडू

छबूने डब्याचं झाकण उभं धरलं आणि ईश्वरीच्या तोंडावर हाणलं. दात तुटून मातीत पडला. बाईंनी छबूचा दंड पिरगाळून तिला मागे ओढलं.

"का मारलंस गं तिला?"

"ती लाडू देती, बाई."

मागच्या आठवड्यातही दिला होता. फ्रॉकच्या टोकात धरून, चिमणीच्या दातांनी तोडलेला अर्धा लाडू. मग खिचडीच्या रांगेत सगळ्या पोरांसारखी छबूनेही यंत्रात फुंकर मारली. कोण गरीब ते आता श्वासावरून ठरत होतं. दाखला कुणी विचारत नव्हतं. यंत्राला तुपाचा वास लागला, दिवा लाल झाला, आणि छबूचं न् तिच्या धाकट्या भावाचं, दोघांचंही ताट महिनाभर बंद झालं.

त्या दिवशी घरी आईने चुलीत तापलेला चिमटा छबूच्या ओठांवर टेकवला होता. "तूप खाऊन फुंकर मारलीस व्हय गं? आता भावाला काय घालू, माती?"

झाकणाच्या माराने ईश्वरीचं तोंड इतकं सुजलं, की दोन-तीन दिवस घास घशाखाली उतरेना. शाळेत परतली तेव्हा तीही रांगेतून यंत्रापाशी आली. दिवा हिरवा झाला, आणि बंगल्यात राहणाऱ्या त्या पोरीच्या ताटात फुकटची खिचडी पडली.

ताट घेऊन ती थेट भिंतीपाशी बसलेल्या छबूकडे गेली. छबूने मूठ आवळली.

"यात तूप नाही," ईश्वरी फाटलेल्या ओठांनी म्हणाली.

मूठ न सोडताच छबूने भावाला हाक मारली.