परत येणाऱ्याला पावतो

“हात पुढे कर बघू,” म्हातारे गुरुजी म्हणाले.

धाकट्यानं हात पुढे केला. बोटं दगडासारखी स्थिर. प्रार्थनाघरात बसलेल्या सगळ्यांचे डोळे भरून आले. थोरल्याचे तेवढे कोरडे राहिले.

दोघे भाऊ न्हावी. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोघांची दुकानं. धाकट्यानं तरुणपणीच देवाला सोडचिठ्ठी दिली होती. “असेल तर येऊ दे दाढीला, फुकट करीन,” म्हणायचा. पुढे त्याचा हात थरथरू लागला. थरथरत्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? दुकान ओस पडलं, तेव्हा स्वारी मुकाट्यानं प्रार्थनाघरात आली, थोरल्याशेजारी बसली आणि बरी झाली.

आता त्याच्या दुकानात गर्दी मावेना. थोरल्याची जुनी गिऱ्हाईकंसुद्धा तिकडेच वळली.

थोरल्यानं जन्मात एक प्रार्थना चुकवली नव्हती. गुडघा मात्र ठणकतच होता. त्या दुखऱ्या पायावर उभं राहून लोकांच्या दाढ्या करायच्या आणि धाकट्याचं कौतुक ऐकायचं. प्रार्थनेच्या शेवटी शेजाऱ्याचा हात धरायची तिथली रीत होती. थोरला धाकट्याचा हात असा आवळायचा, की सगळी जळजळ बोटांतून पिळून निघावी.

“मी काय घोडं मारलंय देवाचं?” एकदा तो बायकोवर उखडला.

“अहो, तुम्ही कधी घर सोडलंच नाहीत,” ती हसत म्हणाली. “जो गेलाच नाही, त्याला परत आल्याचं बक्षीस कसं मिळायचं?”

तिनं थट्टा केली. त्यानं ती मनावर घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं प्रार्थनाघरात जाणं बंद. गुरुजींचा निरोप त्यानं परतवला. धाकटा दोनदा दाराशी आला.

“झोपलेत म्हणून सांग,” थोरला आतून कुजबुजला.

गंमत म्हणजे धंदा वाढला. गेलेली गिऱ्हाईकं एकेक करून परतली. देवाला सोडल्यावर बरकत आली, म्हणून तो मनात हसला. कारण विचारायच्या फंदात पडला नाही.

पुरेसं सोडून झालं असं वाटल्यावर एका सकाळी तो परत गेला आणि मुद्दाम पुढच्या रांगेत बसला. गुरुजींनी मिठी मारली. सगळे गहिवरले. प्रार्थना संपली. थोरला उठला, आणि गुडघ्यातून तीच जुनी कळ गेली.

तो तणतणत धाकट्याच्या दुकानात शिरला. “काय मागितलंस रे तू त्याच्याकडे? शब्द सांग मला, शब्द!”

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा स्वतःच खुर्चीत बसला होता. मांडीवरचा त्याचा हात पानासारखा थरथरत होता.

थोरला जागीच थबकला. “हे कधीपासून?”

“तू यायचा थांबलास तेव्हापासून.”

“मग प्रार्थना कर! तुझं तर ऐकतो तो.”

“केली. शेजारी बसले त्यांनीही हात धरून पाहिला.” धाकट्यानं मान खाली घातली. “दादा, पहिल्या दिवशी तू हात धरलास आणि थरथर थांबली. मला वाटलं, देवानं माफ केलं. त्यानंतर रोज मी त्या हातासाठीच तुझ्याशेजारी बसत होतो.”