बदलीवर येणाऱ्या बाईंसाठी

ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज देताना दुसरीच्या बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक जाडजूड वही ठेवली. आपल्या जागी येणाऱ्या बाईंचं काही अडू नये, म्हणून त्यांनी ती महिनाभर बसून लिहिली होती.

"अहो बाई, पंधरा दिवसांसाठी एवढं?" मुख्याध्यापक हसले.

"असू द्या सर. आयत्या वेळी धांदल नको."

बाई परत आल्याच नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंना त्या वहीचा फार आधार झाला. कोणाला फळ्यावरचं दिसत नाही, कोण डबा न खाता तसाच घरी नेतो, कोणाला रागावलं की पोटात दुखतं, असं एकेका मुलाचं एकेक पान होतं. बाईंची स्वतःची मुलगीही त्याच वर्गात होती. तिचं पान मात्र लवकर सापडेना. ते अगदी शेवटी निघालं.



"वर्गात मला आई म्हणायचं नाही, असं मीच हिला बजावलं होतं. मी परत आले नाही तर तिला सांगा, एखाद्या वेळी चुकून म्हणाली असती, तरी मला आवडलं असतं."