धाकट्यांचं चौथं सत्र

कर्ट ब्रेकीने बुटांवरचा बर्फ झटकला, जिमचं दार हळूच ढकललं आणि चोरासारखा वरच्या बाकांकडे निघाला. शाळेच्या थोरल्या बास्केटबॉल संघाच्या सामन्याला अजून तासभर होता. मैदानावर धाकट्या संघातल्या नववी-दहावीच्या पोरी घामाघूम होऊन धावत होत्या आणि त्यांच्यात एक डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. ते त्याच्या लेकीचं, मरिटचं. बारावीतल्या मरिटचं.

"अगबाई, कर्ट! घड्याळ पुढे गेलं की काय तुझं?" शॉना रीडलने पॉपकॉर्नचा पुडा उचलून त्याला जागा करून दिली. तिची टेस दहावीत होती.

"धान्याच्या कोठारावरचा सरकता पट्टा तुटला. लवकर सुटलो."

ते खरंच होतं. पण लवकर सुटलेला माणूस घरीही जाऊ शकतो. कर्टला बघायचं होतं. ही पोरगी आठवड्यातून दोनदा दहावीतल्या पोरींत खेळून येते आणि शीळ घालत जेवायला बसते, तर इथे असं असतं तरी काय? "थोरल्यांच्या बाकावर बसून राहा, पण धाकट्यांत खेळून माझं नाक कापू नकोस," असं त्याने हंगामाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. मग त्यानेही हट्टाने धाकट्यांचा एकही सामना पाहिला नव्हता.

त्याने थोरल्यांच्या सामन्यांत पाहिलेली मरिट कोरड्या जर्सीत, गुडघे जुळवून बसून असायची. ही कोणी वेगळीच होती.

"टेस, डावीकडे! अगं डावीकडे, दुसरी डावी!" ती ओरडत होती. चेंडू हातचा गेला की कपाळावर हात मारून हसत होती. एक चिमुरडी आपटली, तिला दंडाला धरून उठवताना मरिटने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती पोर फिदीफिदी हसली आणि थोड्याच वेळात तिने बास्केट केली. काय सांगितलं असेल? कर्ट नकळत पुढे सरकून बसला.

"मी तक्रार केली होती हं तुझ्या पोरीची," शॉना म्हणाली. "एवढी थोराड मुलगी इथे आमच्यांची जागा अडवते म्हणून."

"मग?"

"मग काय, टेसच माझ्यावर उखडली. म्हणे, हिच्याबरोबर खेळूनच मला खेळ कळायला लागला." शॉनाने बाकाच्या टोकाला बसलेल्या एका मुलीकडे बोट केलं. "पण ती एमी बघ. ती बसूनच असते. तिच्या आईला विचारशील, तर ती तुला वेगळं ऐकवेल."

कर्टने वाकून एमीकडे पाहिलं.

भोंगा वाजला. चारपैकी तिसरं सत्र संपलं आणि मरिटचा संघ तीन गुणांनी मागे होता. धाकट्यांच्या कोच, ऑपडाल बाई, यांनी मरिटच्या हातात टॉवेल देऊन तिला बाक दाखवला. ते आधीच ठरलं होतं. एका मुलीने एका संध्याकाळी दोन्ही संघ मिळून चारच सत्रं खेळायची, असा नियम. आणि आज थोरल्या संघात बारावीच्या मुलींचा निरोपाचा सामना. आईवडील हात धरून मुलीला मैदानात आणतात, फुलं देतात, आणि त्या दिवशी बारावीतली प्रत्येक मुलगी पहिल्या पाचात उतरते. मरिटसुद्धा उतरणार होती, हंगामात पहिल्यांदाच. त्यासाठी तिला एक सत्र राखून ठेवायचं होतं. दोन गल्ल्या पलीकडे, घरी, कर्टची बायको जनेल आणि त्याची म्हातारी आई त्यासाठीच नटत होत्या.

मरिट बसली नाही. जवळजवळ रिकाम्या जिममध्ये तिचं बोलणं वरपर्यंत ऐकू आलं.

"कोच, मी उतरते."

"वेडी आहेस का? चार सत्रं इथेच संपतील. मग थोरल्यांत पाऊल टाकता येणार नाही."

"माहितीये."

"अगं, आज तुझा दिवस आहे!"

"तिथे मला टाळ्यांपुरती उभी करतील आणि मिनिटभरात बसवतील. टाळ्या काय, तशाही मिळतील. मला खेळायचंय."

"आणि घरी काय सांगशील?"

 मरिटने सहज मान वर केली आणि तिला कर्ट दिसला.

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू एका क्षणात मावळलं. ती मुकाट्याने बाकावर टेकली. कर्टला काहीच करावं लागलं नव्हतं, नुसतं तिथे असणं पुरलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने घाईघाईने हात वर केला आणि माशा हाकलाव्यात तसा हलवला. जा. जा की!

मरिट क्षणभर बघत राहिली. मग टॉवेल भिरकावून मैदानात पळाली.

कर्टने फोन काढला.

"जनेल, निघा. आत्ता."

"साडेसातला ना? आई अजून केस विंचरतायत."

"राहू देत केस. ती खेळतेय."

"धाकट्यांत?" जनेलचा आवाज बदलला. "कर्ट, बरा आहेस ना तू?"

"आठ मिनिटांचं सत्र आहे. स्वेटर गाडीत बसल्यावर घाला."

त्याने फोन खिशात टाकला, अंगातला कोट काढला आणि शेजारच्या बाकावर पसरला. त्या अख्ख्या रांगेत तो आणि शॉना सोडून चिटपाखरू नव्हतं.

"कोण पळवतंय रे जागा?" शॉनाने विचारलं.

कर्टचं लक्ष खाली होतं. मैदानावरून नजर न काढता तो कोटाच्या दोन्ही बाह्या ताणून ताणून दोघींपुरती जागा धरत होता.