पहिला खिळा

या माय-बाप, जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. जळगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस साफ करताना शेवंताबाईच्या कमरेला खोचलेली घराची चावी ढिगात पडली. लोखंड आत नेलं तर काम जायचं, आणि लोखंड मशीनला लागलं तर ठिणगीनं सारा कापूस पेटायचा. ढीग पट्ट्यावरून मशीनकडे सरकत होता. ती मुकादम जीवरामनानांकडे धावली.

"नाना, मशीन बंद करा! मनी चावी कापूसमा पडनी!"

नानांनी पट्टा थांबवला. साऱ्या बायांनी ढीग उपसला, तेव्हा चावी सापडली.

"आते मी घर जाऊ का?" तिनं रडत विचारलं.

"घरी कशाला? उद्यापासून नव्या बायांना तूच शिकव."

"काय शिकाडू? चावी पाडानं?"

"पडली तर सांगायचं."

दुसऱ्या दिवशी नानांनी दाराशी चाव्या टांगायला खिळे ठोकले. शेवंताबाईनं पहिल्या खिळ्याला चावी अडकवली. नानांनी ती काढून दुसऱ्याला लावली.

"तो कुंदाबाईचा. गेल्या वर्षीच्या आगीत ती गेली, राखेत तिची चावी सापडली. मला घाबरून बोलली नाही."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा कुंदाबाईची आठवण ठेवा.