अर्धे म्हणजे अर्धे

"सगळ्या टीम्सना सारखीच मर्यादा आहे ना? मग अन्याय कसला?" शैलेंद्र हातातलं घड्याळ नाचवत म्हणाला. विरुद्ध बाजू त्याच्या वाट्याला आली होती आणि ती त्याला फार मानवली होती.

दुबईत, अल बर्शातल्या घरी, शुक्रवारच्या अर्ध्या सुट्टीच्या दुपारी, शाळेच्या वादविवादाची तालीम चालली होती. समोर पंधरा वर्षांची मिहिका, आणि पाण्याच्या जगला टेकवलेल्या फोनमध्ये, परीक्षक म्हणून, पुण्याचा सुजीतकाका. विषय होता अमेरिकेतली बर्फावरची हॉकी, आणि तिथली पगाराची मर्यादा न्याय्य आहे का. उन्हात वाढलेल्या पोरीला हे खूळ मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर लागलं होतं.

"बाबा, लिसन. खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा, हे लीगनं ठरवलंय. सगळ्यांना सेम. पण काही स्टेट्समध्ये टॅक्स कमी. सो तिथे प्लेयर कमी पगारातही येतो, बिकॉज हातात तेवढेच पडतात. क्लबचे पैसे उरतात, दे बाय वन मोअर स्टार. सेम कॅप, पण सेम गेम नाही."

"नियम एक, आकडा एक. खलास! काय रे सुजीत?"

सुजीत नुसता हसला.

शैलेंद्र हे उगाच बोलत नव्हता. आई अंथरुणाला खिळली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या खर्चाचे दोघा भावांत दोन सारखे वाटे. दुबईतल्या बिनकराच्या पगारातले त्याचे पंधराशे दिरहम, म्हणजे पस्तीस हजार रुपये, एक तारखेला पुण्यात पोचायचे म्हणजे पोचायचे. अर्धे म्हणजे अर्धे, भावाभावांत कुरबूर नको, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगायचा. स्वतःचंच कौतुक, दुसरं काय!

"मग त्या टॅक्सवाल्या टीमनं करायचं काय?" सुजीतनं विचारलं.

"दे लेट समवन गो, काका. एखादं चांगलं माणूस सोडावं लागतं. मग बाकीचे एक्स्ट्रा खेळतात. दमतात."

मागून आईची क्षीण हाक आली, तसा सुजीत उठला. फोन तिथंच राहिला. त्यात पलंगाची कड दिसत होती, आणि आईला कुशीवर वळवणारे सुजीतचे हात.

पुण्यात आत्ता साडेतीन वाजले असतील, शैलेंद्रच्या मनात आलं. कामाचा वार. आणि हा घरी?

"वैभवीताई कुठं आहेत?" त्यानं विचारलं. आईला सांभाळायला दिवसभर त्याच असायच्या.

"त्यांना दिवाळीनंतर नको म्हणून सांगितलं, दादा." सुजीत परत येऊन बसला. त्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. "मीच बघतो आता. ऑफिसनं घरून काम करू दिलंय. पगार थोडा कापलाय, पण ठीक आहे."

"अरे, मला बोलला का नाहीस?"

"तुला काय बोलणार? तुझा वाटा तर वेळेवर येतोय. माझाच पुरा पडत नव्हता."

शैलेंद्रला भावाच्या तोंडाकडे बघवेना. हातातलं घड्याळ त्यानं टेबलावर पालथं ठेवलं.

"काका, जजमेंट!" मिहिका टेबलावर हात आपटत म्हणाली.

सुजीतनं क्षणभर दादाकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "मार्क बाबाला. सारखं म्हणजे सारखं."

"दॅट्स सो अनफेअर!"

"चल गं, आजीच्या पेजेची वेळ झाली." फोन बंद झाला.

मिहिकानं तोंड फुगवून कागद गोळा केले. "काकाला माझा पॉइंट कळलाच नाही."

"त्याला सहा वर्षांपूर्वीच कळलाय, बाळा," शैलेंद्र म्हणाला. "मलाच आज कळला."