शोकसभेला आलेला सोबती

“आलात ते तुम्हीच पहिले,” मुलगी म्हणाली आणि तिने पुढचं दार लोटून घेतलं.

म्हातारबुवा पुढच्याच खुर्चीवर टेकले. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टेबलावर तिच्या बाबांचा लष्करी पोशाखातला फोटो होता. तो ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. पेपरात निधनाची बातमी वाचल्यापासून त्यांना कधी नव्हे ती गाढ झोप लागत होती. तरी स्वतः येऊन पाहिल्याशिवाय जीव काही भांड्यात पडेना.

“आम्ही एकाच चौकीवर होतो,” ते म्हणाले. “लढाईचं काही सांगायचा का तो?”

“अवाक्षर नाही. विषय काढला की उठून आमचे शाळेचे बूट पुसत बसायचे.”

म्हातारबुवांनी मोकळा श्वास घेतला. आत कुणीतरी खोकलं.

“दादा आहे,” मुलगी म्हणाली. “घसा बसलाय त्याचा.”

मग ती बोलतच राहिली. बाबांचा उजवा हात लुळा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा रिबिनीचं टोक दातांत धरून ते एका हाताने लेकीची वेणी घालायचे. वेणी वाकडी व्हायची, मैत्रिणी हसायच्या, पण तिने ती कधी सोडली नाही. घरात मात्र खिडकीकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत.

“गोळी पाठीत लागली होती ना. लोकांनी पळपुटा ठरवलं. दादाचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं. बाबांनी सगळं मुकाट गिळलं. काका, खरंच पळत होते का हो ते?”

‘काका’ ऐकून म्हातारबुवांनी फोटोवरची नजर काढून घेतली. त्याच चौकीसाठी त्यांना पदक मिळालं होतं, मिरवणूक निघाली होती.

“बाबा तर गेले,” ती हळूच म्हणाली. “आता तुम्हाला जाब विचारणारं कोण उरलंय? मला एकटीला सांगा.”

मेलेल्या माणसाला त्याच्या पोरीच्या नजरेत मोठं केलं, तर आपलं काय जातंय? आणि खरं म्हणजे, इतकी वर्षं छातीवर धोंडा ठेवून ते थकले होते.

“तो नव्हता पळत, पोरी. मी पळत होतो. त्याने पाहिलं, साहेबांना हाक मारायला वळला. त्याच्या पाठीतली गोळी माझ्या बंदुकीतली होती.”

मुलगी रडली नाही. उठून तिने पुढच्या दाराला कडी घातली आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडलं.

“बाबा, या आता बाहेर,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला पळपुटा म्हणणाऱ्या त्या सगळ्यांनाही घेऊन या.”