नानांचा पहिला फोन

साहेबांनी नव्या फोनचा रिसीव्हर उचलला तेव्हा तारबाईंचा हात जुन्या तारयंत्राच्या खटक्यावर होता, आणि कोणी काहीही म्हटलं तरी तो तिथून हलवायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तारघरात आज पाय ठेवायला जागा नव्हती. वर्तमानपत्रवाले आले होते, फोटोवाला आला होता. पलीकडचा आवाज सगळ्यांच्या कानावर पडावा म्हणून फोनला जोडलेला कर्णा टेबलावर मानाच्या पाहुण्यासारखा बसला होता. साहेब इथून डोंगरावरच्या ठाण्यात पहिला फोन करणार, तिथे एकट्याने काम बघणारे नाना तो घेणार, दोन गोड शब्द बोलणार, आणि मग लाइनमन पक्कड लावून जुन्या यंत्राची तार तोडणार, असा कार्यक्रम होता. सगळं झकास जुळून आलं होतं. फक्त नाना ठार बहिरे आहेत, एवढं साहेबांना माहीत नव्हतं.

तारबाईंना ते माहीत होतं. नानांचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. यंत्राच्या पट्टीवर बोट टेकवून ते येणारी तारेची कडकट्ट बोटाने वाचायचे, आणि त्यांच्या हातून अक्षर चुकलं असं कधी झालं नव्हतं. निवृत्तीला आता थोडेच महिने उरले होते. कर्ण्यावर बिंग फुटलं असतं तर नोकरी गेली असती आणि पेन्शनवरही पाणी सोडावं लागलं असतं. बाईंचं डोकं फिरलं होतं ते यामुळेच. चोख काम करणाऱ्या माणसाला एका डबड्यापायी घरी बसवायचं, हे त्या चालू देणार नव्हत्या.

म्हणून त्यांनी नानांना तारेवरून आधीच सगळं समजावलं होतं. एका हातात रिसीव्हर धरा, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर ठेवा, बाकी माझ्यावर सोडा.

साहेब बोलायला लागले. विज्ञानाची घोडदौड झाली, जग कसं जवळ आलं ते झालं, वरिष्ठांची दूरदृष्टीही झाली. बाई खटका वाजवत होत्या. लोकांच्या लांबलचक रडगाण्यांची चार शब्दांत तार करण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे साहेबांचं अख्खं भाषण त्यांनी 'अभिनंदन करतात, आभार माना' एवढ्यात उरकलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कर्ण्यातून नाना गरजले, "फार आभारी आहे, साहेब."

टाळ्या पडल्या. लांबचा पल्ला आहे, आवाज पोचायला तेवढा वेळ लागायचाच, असं साहेबांनी वर्तमानपत्रवाल्यांना समजावून सांगितलं. मग त्यांनी नानांना तिकडची हवा विचारली, तब्येत विचारली. नानांनी हवा सांगितली, तब्येत सांगितली, आणि फोनवर अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतंय, अशी पदरची पुस्तीही जोडली. ती काही बाईंनी पढवलेली नव्हती. त्यांना हसू आवरेना.

आता कुठे साहेबांचं लक्ष त्या खटखटीकडे गेलं.

"बाई, मघापासून हे काय चाललंय? हात काढा. या तारेचं काम संपलं." आणि त्यांनी लाइनमनला खूण केली. लाइनमन पक्कड घेऊन भिंतीपाशी गेला.

"तार तोडलीत तर तुमचा फोन मुका होईल, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज ठाम होता.

साहेब हसले. फोनची तार वेगळी, या यंत्राची वेगळी, हे शेंबडं पोरही सांगेल, असं त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं. मग हसू पुसून म्हणाले, "हात काढा म्हटलं ना?"

बाईंनी हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या ताठ बसल्या. आता नाना आपण होऊन काही बोलले की संपलं.

"काय नाना, येतोय ना आवाज?" साहेबांनी फोनमध्ये विचारलं.

कर्णा गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. हॅलो हॅलो करून झालं, रिसीव्हर झटकून झाला, कर्ण्याला चापटी मारून झाली. मागे कोणीतरी खुदकन हसलं. एका वर्तमानपत्रवाल्याने भराभर लिहायला घेतलं, तसा साहेबांना घाम फुटला. त्यांनी लाइनमनकडे पाहिलं.

लाइनमनने बाईंकडे पाहिलं. या खोलीत येता-जाता कानावर पडून कडकट्ट त्यालाही थोडीफार कळायला लागली होती. त्याने पक्कड खिशात टाकली.

"नवीन जोडणी आहे, साहेब," तो म्हणाला. "जुन्याचा आधार लागतो."

साहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, ठेवा हात."

बाई हलल्या नाहीत. "आणि तार?"

"राहू द्या तार."

बाई वर्तमानपत्रवाल्याकडे वळल्या. साहेब काय म्हणाले ते लिहून घेतलंत का, असं त्यांनी त्याला विचारलं. त्याने मान डोलावली. मग कुठे त्यांनी सावकाश हात उचलला आणि खटक्यावर ठेवला.

खटका पुन्हा वाजू लागला. सगळे कर्ण्याकडे डोळे लावून बसले होते.

"हां, बोला साहेब," नाना म्हणाले. "आता कसं स्वच्छ ऐकू येतंय."